आपले नाव, आपले आसन

दिनकररावांच्या घरी कुणी आलं की ते सवयीनं “या, बसा” म्हणायचे आणि लगेच जीभ चावायचे. कारण बसायला जागा नव्हती.

तसं फर्निचर भरपूर होतं. सोफा होता, दिवाण होता, खुर्च्या होत्या. पण सोफ्यावर महारुद्र होता. एका खुर्चीवर हरिओम, दुसरीवर लक्ष्मण. दिवाणावर विठ्ठल, मल्हारी आणि निरनिराळ्या गावांचे नारायण एकावर एक. पाहुणा उभा राहायचा, दिनकरराव उभे राहायचे, आणि परभणीच्या उन्हातून आलेला माणूस कपबशी हातात घेऊन भिंतीला टेकायचा.

“लग्नाच्या बुफेला आल्यावानी वाटायलंय,” शेजारच्या केशरबाई म्हणाल्या. त्याही उभ्याच होत्या. पण ही व्यवस्था त्यांच्याच सल्ल्यानं झालेली असल्यामुळं त्यांना तक्रार करता येत नव्हती.

महारुद्र, हरिओम आणि मंडळी हे देव नव्हते. ती गिऱ्हाइकं होती. नेमकं सांगायचं तर गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली आसनं होती.

वस्तूचे वर्णन

हाताने शिवलेले पूजेचे आसन. आत शुद्ध कापूस, वर सुती कापड, कडेने वेलबुट्टी. मधोमध आपले नाव रेशमी टाक्यांत. सणासुदीला, वास्तुशांतीला, साठीला भेट देण्यास अत्यंत योग्य.
‘आपले नाव, आपले आसन.’
मालक : दिनकरराव (निवृत्त अव्वल कारकून)

वर्णनाच्या पहिल्या खर्ड्यात ‘सदरहू आसन’ असं होतं. समोरच्या घरातले बुद्धभूषण सर, जे शाळेत विज्ञान शिकवतात आणि गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाईल दुरुस्त करतात, त्यांनी ‘सदरहू’ काढायला लावलं. दुकान त्यांनीच एका मोठ्या ऑनलाइन बाजारात उघडून दिलं. कंसातला अव्वल कारकूनही ते काढणार होते, पण तिथं दिनकरराव अडून बसले. हुद्दा गेला तर माणसात राहतं काय, असा त्यांचा सवाल होता.

आता या वर्णनात एक नाव नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. ते म्हणजे नर्मदाबाई. आसनं त्या शिवत. कापड त्यांचं, कापूस त्यांनी पिंजून आणलेला, टाका त्यांचा. मुलीचं लग्न झाल्यापासून त्यांची शिलाई मशीन फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेली होती आणि वर एक फुलदाणी होती. दुकान निघालं त्या दिवशी फुलदाणी उतरली, कापड निघालं, मशीनला तेल मिळालं, आणि नर्मदाबाई शिवता शिवता गुणगुणायला लागल्या. पहिल्यांदा दिनकररावांना वाटलं, पंखा वाजतोय.

नर्मदाबाई मधोमध कमळ काढणार होत्या.

“कमळ सगळेच काढतात,” दिनकरराव म्हणाले. “आजकाल माणसाला स्वतःचं नाव पाहिजे. कपावर नाव, उशीवर नाव, मोबाईलच्या पाठीवर नाव. जग वैयक्तिक झालंय.”

“नाव कामून? ज्याचं त्याला माहीत असतंय की.”

“तुला धंद्यातलं कळत नाही.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. दिनकररावांनी पुढं ते विसरायचा फार प्रयत्न केला.

नमुन्याचं पहिलं आसन ‘दिनकरराव’ असंच झालं. त्याचा फोटो दुकानात लागला आणि आसन प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात गेलं. दिनकररावांचे गुडघे धरत असल्यामुळं ते पूजा स्टुलावर बसून करत. म्हणजे मालकानं आपल्या मालावर एकदाही बूड टेकून पाहिलं नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्या एका स्टुलामुळं झाला, असं म्हटलं तर स्टुलावर अन्याय होईल, पण थोडासाच.

परत करण्याचे कारण निवडा

वस्तू फुटलेली आली
माप बसत नाही
रंग वेगळा आहे
गुणवत्ता चांगली नाही

मागण्या धडाक्यात आल्या. आणि मग आसनं धडाक्यात परत आली. कुरिअरवाला पार्सल न्यायला यायचा तोच पार्सल घेऊन यायला लागला. प्रत्येक परतीमागं एकच कारण होतं : गुणवत्ता चांगली नाही.

नर्मदाबाईंनी एकदा दुपारी चष्मा लावला आणि मोबाईलमधली सगळी कारणं वाचून काढली. वेळ लागला नाही, कारण वाक्य एकच होतं. मग त्या उठल्या. दिनकरराव पेपरातून डोकं काढतात तो फुलाफुलांचं कापड मशीनवर चढलेलं.

“काय करायलीस?”

“झाकायले.”

“अगं, कामून?”

“हात गेला माझा. एकानं लिहिलं असतं तर म्हणले असते, खोटं लिहितंय मेलं. सगळेच लिहायलेत. कापूस गोळा होत असंल, टाका टोचत असंल. मला कळंना झालंय, एवढंच.”

आणि त्यांनी वर फुलदाणी ठेवली.

नुसतं कापड घातलं असतं तर अपिलाला जागा होती. फुलदाणी ठेवली म्हणजे निकाल लागला. ‘तुझा हात चांगला आहे’ असं दिनकररावांच्या ओठांवर आलं होतं. पण लेखी आलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती, आणि समोर लेखी होतं. ते गप्प बसले. उभ्या उभ्या.

घरात गुणगुणणं थांबलं. पंखा एकटाच वाजायला लागला.

आसने कुठे ठेवावीत : केशरबाईंचे मत

जमिनीवर नको. देवाचं नाव आहे, पाय लागेल.
पलंगाखाली नको. वर माणूस झोपतो.
धुण्याच्या कपड्यांत नको, विचारूच नका.
उसवून नाव काढावं तर देवाच्या नावाला कात्री. “तुमच्या लेकीला दिवस गेलेत का? न्हाई? तरी नको.”
उंच, कोरड्या, मानाच्या जागी ठेवावीत.

दिनकररावांच्या घरातली उंच, कोरडी, मानाची जागा म्हणजे सोफा. मग खुर्च्या. मग दिवाण.

“गंगाखेडला नेऊन गोदावरीत सोडा,” असंही केशरबाईंनी सुचवलं.

“नदीत कापूस सोडता?” बुद्धभूषण सर दारातून ओरडले. “काका, पेपरात फोटो येईल तुमचा. निवृत्त अव्वल कारकून म्हणून.”

नदीचा विषय तिथंच संपला.

खरं म्हणजे इथंच दिनकररावांना सगळं कळायला हवं होतं. दिवाणावर ढीगभर देव बसलेत, त्यांच्यावर कुणी बसू धजत नाही, आणि हा माणूस विचार करतोय की गिऱ्हाइकांना काय खटकलं असेल! पण शेजाऱ्याचा सल्ला आणि आपली अडचण यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं.

दिनकरराव आणि मदतनीस यांचा पत्रव्यवहार

ऑनलाइन बाजाराच्या मदतकक्षात चोवीस तास उत्तर देणारी कुणी एक मदतनीस होती. माणूस नव्हती, हे दिनकररावांना बुद्धभूषण सरांनी नंतर सांगितलं.

“महोदया, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, परतीच्या कारणांत ग्राहकाला मनमोकळे लिहिण्यास जागा नाही. तरी तशी जागा ठेवावी.”

“नमस्कार! मी तुमची अडचण समजू शकते. तुमची वस्तू फुटलेली आली आहे का?”

“वस्तू फुटत नाही. ती कापसाची आहे.”

“समजलं! रंग वेगळा आहे का?”

“आपल्या वरिष्ठांचे नाव व हुद्दा कळवावा.”

“तुमची सूचना पुढे पाठवण्यात आली आहे. दिवस आनंदात जावो!”

दिनकरराव त्या शेवटच्या उत्तराकडं पाहत राहिले. ‘पुढे पाठवण्यात आली आहे’ हे वाक्य त्यांनी स्वतः कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूनं आयुष्यभर वापरलं होतं. बाहेरच्या बाजूनं ते असं ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. पुढं म्हणजे कुठं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी पायजमा बदलला, महारुद्राचं आसन पिशवीत घेतलं आणि त्याच्या गावची, वालूरची, एसटी पकडली. एसटीत पिशवी मांडीवर धरली. सीटवर ठेवली तर कुणी बसेल, अशी धास्ती.

वालूर

महारुद्रचं वालूरला धान्याचं दुकान होतं. तो स्वतः तालमीत घडलेला, ज्वारीच्या दोन पोत्यांएवढा माणूस. दिनकरराव आत शिरले आणि उन्हानं आधीच तापलेले असल्यामुळं नमस्काराशिवायच सुरू झाले.

“खराब टाका दाखवा. यातला एक टाका जरी खराब निघाला तरी मी दुकान बंद करतो.”

महारुद्रनं आधी हात पुसले. मग आसन दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

“टाक्याला काय झालंय काका? लय भारी टाका हाय. आमच्या आईनं तर गालाला लावून बगितला. म्हणली, माझ्या आईच्या गोधडीवानी लागायलंय.”

“मग गुणवत्ता चांगली नाही, असं कामून लिहिलं?”

“मग काय लिहू? चारच कारणं हायेत तिथं. फुटलं न्हाई, रंग बराबर हाय. माप तर माझ्या अंगाला बसणारं पहिल्यांदाच कुणी केलं. उरलं काय? गुणवत्ता. दाबलं.”

“पण परत केलंच कशाला?”

महारुद्र त्यांच्याकडं पाहत राहिला. आजारी माणसाकडं पाहावं तसं.

“काका, माझं नाव काय?”

“महारुद्र.”

“महारुद्र म्हंजे कोण?”

“मारुती.”

“सकाळी तालमीत त्याला शेंदूर लावायचा, आन घरी येऊन त्याच्यावर मांडी घालायची? मी बसाय गेलो तर आई अशी किंचाळली, मला वाटलं खाली इंचू हाय!”

दिनकरराव मटकन बसले. ज्वारीच्या पोत्यावर. ज्वारीला सुदैवानं नाव नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांसमोरून सोफा गेला, दिवाण गेला. हरिओम. विठ्ठल. मल्हारी. नारायण, नारायण, नारायण. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना देवांची नावं ठेवली, ती हाक मारता मारता नामस्मरण घडावं म्हणून. पुढं एक दिनकरराव जन्माला येईल आणि ती सगळी नावं लोकांच्या बुडाखाली सारेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

परतीच्या एसटीत त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, नर्मदाचा हात शाबूत आहे. दुसरी, नावाची अक्कल कुणाची होती. पहिली सांगायची तर दुसरी सांगावी लागणार. सेलूपासून परभणीपर्यंत ते असं वाक्य जुळवत होते, ज्यात चूक येईल पण चुकणारा येणार नाही. ‘नाव घालण्याचा निर्णय घेण्यात आला होता’ इथपर्यंत मजल गेली.

“निर्णय घेण्यात आला होता?” नर्मदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “कुणी घेतला होता?”

“मी.”

“मला धंद्यातलं कळत नव्हतं तवा.”

“हो.”

आता फुलदाणी उतरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. नर्मदाबाईंनी मेथीची जुडी उलटी केली.

“मन राखायला सांगायलात तुमी. त्या पहिलवानानं तुमचा पडलेला चेहरा बगून काहीतरी सांगितलं असंल.”

“अगं, शपथ!”

“एक माणूस दाखवा. माझ्या आसनावर बसणारा. मग मानते.”

समोरच्या सुलाबाईंना बोलवायला वेळ लागला नाही. त्या बुद्धभूषण सरांच्या आई. विहारात वंदनेला जाताना त्या आपलं आसन काखेत मारूनच निघत. मुलाच्या नावाचं मात्र त्यांनी करूच दिलं नव्हतं. “त्याच्या नावात बुद्ध हाय, त्याच्यावर कोण बसू देईल?” हे त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. दिनकरराव तेव्हा ‘सदरहू’वरून भांडत होते.

“नर्मदाबाई, लय मऊ हाय गं. मी तर वंदना झाली तरी उठत न्हाई,” सुलाबाई म्हणाल्या.

“तू माझी मैत्रीण हायस. माझ्यासाठी तू काट्यावर बी बसशील आन मऊ म्हणशील.”

फुलदाणी जिथल्या तिथं.

गुणवत्ता : झरी येथील पाहणी

ज्यांनी आसन परत केलं नाही आणि ज्यांच्याशी ओळखही नाही, असे एकच गिऱ्हाईक निघाले : झरीचे आबासाहेब. दिनकररावांनी नर्मदाबाईंना नुसतं “चल” म्हटलं. कुठं ते सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या.

झरीला पोचले तेव्हा आबासाहेब ओसरीत जेवायला बसले होते. म्हातारा वाळक्या शेंगेसारखा, आवाज मात्र बैलाला हाकारल्यासारखा. आणि बुडाखाली आसन. मधोमध ‘आबासाहेब’, त्यातला अर्धा ‘साहेब’ मांडीखाली गेलेला.

“हे आसन पूजेचं आहे,” दिनकररावांच्या तोंडून निघून गेलं.

“जेवण बी पूजाच हाय. कोण तुमी?”

दिनकररावांनी ओळख सांगितली, हुद्द्यासकट. म्हाताऱ्यानं हुद्दा वरणातल्या कढीपत्त्यासारखा बाजूला सारला आणि नर्मदाबाईंकडं वळला.

“म्हंजे हात तुझा हाय व्हय माय? म्हाताऱ्या हाडाला काय टोचतं न काय न्हाई, ते हाडालाच कळतंय. मी इथंच जेवतो, इथंच पेपर वाचतो, सुनेवर चिडलो की हेच उचलून मळ्यात जातो.”

“तुम्हाला त्या नावाची अडचण नाही वाटली?” दिनकररावांनी विचारलं.

“कागदावर मी वैजनाथ हाव. वैजनाथावर बसू का? खाक होईन! म्हणून घरचं नाव टाकलं. घरच्या नावावर माणूस खुशाल बसतो. ते देवाचं थोडीच असतंय, ते आईनं लाडात न्हाईतर चिडून ठेवलेलं असतंय.”

नर्मदाबाई आसन पाहत होत्या. कडेला हळदीचा डाग होता, एका बाजूला चहा सांडलेला. कापूस बरोबर म्हाताऱ्याच्या आकारात दबला होता. कोपऱ्यात वेलीचं एक पान उसवलं होतं. त्यांनी पर्समधून सुई काढली.

“उठा बरं जरा, आबा.”

“जेवून उठतो की.”

“बसा मग. कोपराच हाय,” आणि त्यांनी तिथंच खाली बसून, म्हातारा जेवत असताना, कोपरा शिवायला घेतला. दोन-तीन टाके झाल्यावर दिनकररावांना पंख्यासारखा आवाज ऐकू आला. त्यांनी वर पाहिलं. ओसरीला पंखा नव्हता.

इतर

“घरचं नाव घालून करू,” एसटीत नर्मदाबाई म्हणाल्या.

“उत्तम! तात्या, अक्का, बापू, दाजी, पिंट्या... नव्यानं वर्णन लिहितो. सदरहू...”

“पण नमुन्याचं आसन तुमचं करायचं.”

“माझं झालंय की. दिनकरराव.”

“दिनकर म्हंजे सूर्य. बसता का सूर्यावर?”

“मग ‘साहेब’ घाल.”

“घरात कोण साहेब म्हणायलंय तुमाला?”

दिनकरराव खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर कापसाची शेतं होती. त्यांना एक घरचं नाव होतं. ते त्यांच्या आईनं ठेवलं होतं, लहानपणीच्या एका हावरट सवयीवरून. शाळेत ते कळू दिलं नाही. कचेरीत तर प्रश्नच नव्हता, तिथले शिपाई त्यांच्या नुसत्या खोकल्यानं सरळ व्हायचे. आई गेली तेव्हा नाव तिच्याबरोबर गेलं, असं त्यांनी धरून चाललं होतं. पण आईनं ते सुनेकडं ठेवून दिलेलं होतं, पाटल्यांसारखं.

“दुसरं काहीही घाल,” ते म्हणाले.

“मग फुलदाणी हाय तिथं ऱ्हाऊ द्या.”

परभणी येईपर्यंत दिनकरराव नमले, आणि त्या आसनासकट सत्यनारायण ठरला. महारुद्रचं आसन वालूरच्या तालमीत गेलं, मारुतीच्या पाठीमागं पडदा म्हणून. बाकीच्यांचे नारायण-विठ्ठल ज्यांच्या त्यांच्या देव्हाऱ्यामागं लावायला म्हणून परत रवाना झाले, आणि त्यांच्याबरोबर घरच्या नावाची नवी आसनं. वालूरहून महारुद्रनं कळवलं, त्याचं घरचं नाव ‘चिमण्या’ आहे आणि आसन मात्र जुन्याच मापाचं पाहिजे.

सोफा मोकळा झाला. गल्ली आली आणि बसली. केशरबाई, सुलाबाई, मोबाईल सरसावून बुद्धभूषण सर. गुरुजींनी चौरंग मांडला, कलश ठेवला, आणि म्हणाले, “यजमान, आसन घ्या.”

“माझे गुडघे,” दिनकरराव म्हणाले. “स्टूल...”

“स्टूल केशरबाईंकडं दिलंय,” नर्मदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाटातून घडी आणून सगळ्यांच्या देखत उलगडली. कडेनं वेल, वेलीला पानं, मधोमध लालभडक रेशमात, लांबूनही वाचता येईल असं :

धपाट्या

तव्यावरचे गरम धपाटे पळवणाऱ्या पोराला आईनं चिडून ठेवलेलं नाव. गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसायला घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिले. मग केशरबाई फुटल्या. त्यांच्यामागं सगळी खोली.

दिनकररावांनी दाराकडं पाहिलं. दारात माणसं होती. मशीनकडं पाहिलं. मशीन उघडी होती, सुईत लाल दोरा होता, आणि फुलदाणी शेजारी जमिनीवर, कुणाचाही पाय लागेल अशी ठेवलेली. मग त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा वाकवला, दुसऱ्याला विनंती केली, आणि निवृत्त अव्वल कारकून धपाट्यावर बसले.

“काका, इकडं बघा, दुकानासाठी फोटो!” बुद्धभूषण सर ओरडले.

“अहो नर्मदाबाई, नाव घ्या की,” केशरबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पूजा हाय, नाव घ्या!”

“नाव कशाला घेऊ?” नर्मदाबाई पदर सावरून नवऱ्याशेजारी बसल्या. “बसलेत की त्याच्यावर.”

हसण्याची दुसरी लाट सोफ्यावरून दिवाणावर गेली. गुरुजींनी पळी वाजवली, हात जोडायला सांगितलं. दिनकररावांनी हात जोडले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की आसन खरोखरच फार मऊ होतं.